फोनमध्ये साठवलेला वाय-फायचा पासवर्ड सापडत नाही: कारणे आणि उपाय

वाय-फायचा पासवर्ड आपण फोनमध्ये एकदाच टाकतो. त्यानंतर फोन त्या नेटवर्कला आपोआप जोडला जातो आणि तो पासवर्ड पुन्हा डोळ्यांसमोर येण्याचे कारणच उरत नाही. पुढे कधीतरी नवा टीव्ही किंवा प्रिंटर जोडायचा असतो, कोणी पाहुणा पासवर्ड विचारतो, आणि तेव्हा लक्षात येते की तो घरात कोणालाच आठवत नाही. फोन मात्र त्याच क्षणी त्याच पासवर्डाच्या जोरावर इंटरनेट वापरत असतो. ही अडचण एकदा सुटली म्हणून संपत नाही, दर नव्या उपकरणाबरोबर ती परत उभी राहते. म्हणून पासवर्ड कुठे आणि कसा पाहायचा, तसेच तो मिळूनही जोडणी का होत नाही, हे येथे सविस्तर मांडले आहे.

घाईत असणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. फोन अँड्रॉइड १० किंवा त्यानंतरच्या आवृत्तीवर चालत असेल, तर वाय-फायच्या सेटिंग्जमधील ‘शेअर’ हा पर्याय दाबून क्यूआर कोड मिळतो आणि अनेक फोनांवर त्या कोडाखाली पासवर्ड अक्षरांतही दिसतो. आयफोनवर आयओएस १६ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल, तर नेटवर्कच्या तपशिलात ‘पासवर्ड’ या ओळीवर बोट ठेवले की तो उघड होतो. दोन्हीकडे फोनच्या मालकाची ओळख, म्हणजे पिन, बोटाचा ठसा किंवा चेहरा, द्यावी लागते. फोन यापेक्षा जुना असेल, तर फोनशी झटापट करण्याऐवजी राउटर किंवा संगणकाकडे वळणे शहाणपणाचे आहे.

आधी काय करू नये

पासवर्ड शोधण्याच्या नादात लोक सर्वांत आधी नेमके तेच बटण दाबतात, जे दाबायला नको. वाय-फायच्या तपशिलात ‘फर्गेट’ किंवा ‘नेटवर्क विसरा’ असा पर्याय असतो. तो दाबल्यावर फोन साठवलेला पासवर्ड पुसून टाकतो आणि पुन्हा जोडताना तोच पासवर्ड आपल्याकडे मागतो. ‘नेटवर्क सेटिंग्ज रीसेट’ हा पर्याय तर एकाच वेळी सर्व जतन केलेली नेटवर्के पुसतो. जोडणीत बिघाड असेल तेव्हा हे दोन्ही उपाय उपयोगी पडतात, पण पासवर्ड हातात नसताना ते वापरले तर होता तोही मार्ग बंद होतो. राउटरच्या मागील बारीक छिद्रातील रीसेटचे बटणही शेवटचा उपाय म्हणूनच राखून ठेवावे. त्याचे कारण पुढे येईल.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करणे आवश्यक आहे. अँड्रॉइडमध्ये जतन केलेल्या नेटवर्कची माहिती बदलण्याच्या चौकटीत पासवर्डाची जागा आणि ‘पासवर्ड दाखवा’ अशी खूण असते. ती खूण केल्यावर पासवर्ड दिसेल अशी स्वाभाविक अपेक्षा असते, परंतु तेथे काहीच उमटत नाही. ही फोनमधील चूक नाही. ती जागा नवा पासवर्ड टाकण्यासाठी आहे आणि ती खूण केवळ आपण त्या वेळी टंकलेली अक्षरे दाखवते. जुना पासवर्ड त्या चौकटीत भरलेलाच नसतो.

पासवर्ड परत मिळू शकतो तो का

एखाद्या संकेतस्थळाचा पासवर्ड विसरला तर ते संकेतस्थळ जुना पासवर्ड दाखवत नाही, नवा तयार करायला सांगते. कारण नीट बांधलेल्या संकेतस्थळाकडे मूळ पासवर्ड नसतोच, त्यावर गणिती प्रक्रिया करून मिळालेला, उलटा फिरवता न येणारा मजकूर तेवढा असतो. वाय-फायचे तसे नाही. फोन आणि राउटर जोडले जाताना पासवर्ड हवेतून पाठवला जात नाही; दोन्ही बाजूंना तो ठाऊक आहे, एवढेच काही संदेशांच्या देवाणघेवाणीतून एकमेकांना पटवून दिले जाते. डब्ल्यूपीए२ या आजही सर्वत्र आढळणाऱ्या वाय-फायच्या सुरक्षा पद्धतीत ८ ते ६३ अक्षरांचा पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव यांच्यापासून २५६ बिटांची किल्ली तयार होते आणि ही देवाणघेवाण त्या किल्लीच्या आधारावर होते. त्यामुळे दर वेळी आपोआप जोडले जायचे तर फोनला पासवर्ड किंवा त्यापासून बनलेली किल्ली जवळ ठेवावीच लागते, आणि व्यवहारात फोन मूळ पासवर्डच जपून ठेवतात. म्हणजे येथे प्रश्न पासवर्ड शिल्लक आहे की नाही हा नसून तो पाहण्याची परवानगी फोन कोणाला देतो, हा आहे. पूर्वी बहुतेक फोन ती कोणालाच देत नव्हते, आता मालकाला देतात. सगळ्या आवृत्त्यांमधला फरक एवढ्यात सामावतो.

अँड्रॉइड १० आणि पुढील आवृत्त्या

सेटिंग्ज उघडून नेटवर्क आणि इंटरनेट या विभागात जावे, तेथे वाय-फाय किंवा इंटरनेट निवडावे आणि जोडलेल्या नेटवर्कच्या नावाशेजारील दातेरी चाकाचे चिन्ह दाबावे. काही कंपन्यांच्या फोनांवर हे चिन्ह नसते आणि थेट नेटवर्कच्या नावावरच बोट ठेवावे लागते. सॅमसंगच्या फोनांवर हा विभाग ‘कनेक्शन्स’ या नावाखाली असतो आणि शेअर ऐवजी ‘क्यूआर कोड’ असे लिहिलेले असते. नावे आणि जागा बदलतात, क्रम मात्र साधारण हाच राहतो. ओळख पटवून दिल्यावर पडद्यावर क्यूआर कोड येतो. त्याखाली लहान अक्षरांत पासवर्ड लिहिलेला असेल तर काम तेथेच संपले.

कोडाखाली काहीच नसेल तर तो कोड वाचून घ्यावा लागतो. दुसरा फोन जवळ असेल तर त्याच्या कॅमेऱ्याने कोड पाहताच तो फोन थेट नेटवर्कला जोडला जातो आणि बहुतेकदा पासवर्ड जाणून घेण्याची गरजच उरत नाही. टीव्हीसारख्या कॅमेरा नसलेल्या उपकरणासाठी मात्र अक्षरेच लागतात. अशा वेळी त्याच फोनवर पडद्याचे छायाचित्र म्हणजे स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो गूगल लेन्समध्ये किंवा फोनच्या स्वतःच्या कोड वाचणाऱ्या सुविधेत उघडावा. काही फोन या पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊ देत नाहीत. तेव्हा दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने कोडाचे छायाचित्र काढून ते त्या फोनवर वाचावे.

क्यूआर कोडात काही गूढ दडलेले नसते. त्यात नेटवर्कचे नाव, सुरक्षेचा प्रकार आणि पासवर्ड साध्या मजकुराच्या रूपात, अर्धविरामांनी वेगळे करून लिहिलेले असतात. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की कोडाचे छायाचित्र कोणाला पाठवणे म्हणजे पासवर्डच पाठवणे होय. त्यामुळे ते अनोळखी संकेतस्थळावर वाचण्यासाठी चढवू नये आणि काम झाल्यावर फोनमधूनही काढून टाकावे, कारण छायाचित्रे अनेकदा आपल्या नकळत ऑनलाइन साठ्यात जाऊन पडतात. दुसरी गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही, पण बरेच डोके खाते. पासवर्डात अर्धविराम, स्वल्पविराम, विसर्गासारखे दोन टिंब, अवतरणचिन्ह किंवा उलटी तिरकी रेघ (\) यांपैकी काही असेल, तर कोडात त्या चिन्हाआधी एक जादा उलटी तिरकी रेघ घातलेली असते. कच्चा मजकूर दाखवणाऱ्या साधनातून पासवर्ड उतरवून घेतला तर ही रेघही सोबत येते आणि पासवर्ड चुकीचा असल्याचे उत्तर मिळते. अशी रेघ दिसली तर ती वगळून पाहावे.

सध्या जोडलेल्या नेटवर्कखेरीज जुन्या एखाद्या नेटवर्कचा पासवर्ड हवा असेल, तर वाय-फायच्या पडद्यावर खाली ‘सेव्ह केलेली नेटवर्क’ अशी यादी असते. त्यातून ते नेटवर्क उघडल्यावर तेथेही बहुतेक फोनांवर शेअरचा पर्याय मिळतो, आणि त्यासाठी त्या नेटवर्कच्या टप्प्यात असणे आवश्यक नसते.

आयफोन

आयओएस १६ ही आवृत्ती २०२२ मध्ये आली आणि आयफोनवरील ही अडचण तिने जवळजवळ संपवली. सेटिंग्जमध्ये वाय-फाय उघडून नेटवर्कच्या नावाशेजारील वर्तुळातील माहितीचे चिन्ह दाबावे, ‘पासवर्ड’ या ओळीवर बोट ठेवावे आणि ओळख पटवावी. पासवर्ड दिसतो आणि त्याची नक्कलही करता येते. टप्प्यात नसलेल्या नेटवर्कांसाठी वाय-फायच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यातील ‘एडिट’ दाबल्यावर ओळखीच्या नेटवर्कांची यादी उघडते. आयओएस १८ पासून ‘पासवर्ड्स’ नावाचे स्वतंत्र ॲप फोनमध्येच असते. त्यातील वाय-फाय विभागात सर्व नेटवर्के एकत्र सापडतात आणि तेथून क्यूआर कोडही दाखवता येतो.

दोन आयफोनांमध्ये पासवर्ड न सांगता तो देण्याची सोय त्याआधीपासून, आयओएस ११ पासून आहे. ती चालत नाही अशी तक्रार वारंवार ऐकू येते, आणि बहुतेक वेळा तिच्या अटींपैकी एखादी अपुरी राहिलेली असते. दोन्ही फोनांचे वाय-फाय व ब्लूटूथ चालू हवे, हॉटस्पॉट बंद हवा, फोन जवळजवळ हवेत, देणारा फोन अनलॉक केलेला आणि त्या नेटवर्कला जोडलेला हवा, आणि दोघांच्या ॲपल खात्याचा ईमेल किंवा क्रमांक एकमेकांच्या संपर्कयादीत हवा. ही शेवटची अट लोक हमखास विसरतात.

फोन जुना असेल तेव्हा

अँड्रॉइड ९ किंवा त्यापूर्वीच्या आवृत्तीत साठवलेला पासवर्ड दाखवण्याची सोय मूळ प्रणालीत नाही. काही कंपन्यांनी आपल्या फोनांत क्यूआर कोडाची सोय स्वतःहून आधीच दिली होती, त्यामुळे एकदा पाहून घ्यायला हरकत नाही. ती नसेल तर याच टप्प्यावर माणूस ॲपच्या दुकानात ‘वाय-फाय पासवर्ड’ असे शोधतो आणि डझनावारी ॲप समोर येतात. त्यांच्यापासून दूर राहावे असे माझे स्पष्ट मत आहे. अँड्रॉइडमध्ये सामान्य ॲपला प्रणालीने साठवलेले पासवर्ड वाचण्याची मुभाच नसते; ते ज्या फाइलमध्ये असतात ती केवळ रूट केलेल्या, म्हणजे प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवलेल्या, फोनवर उघडते. म्हणजे असे ॲप फोन रूट केलेला नसताना पासवर्ड दाखवण्याची हमी देत असेल, तर ते एकतर जाहिराती दाखवण्यासाठी आहे किंवा लोकांनी चढवलेल्या पासवर्डांचा सामायिक साठा चालवते, आणि दुसऱ्या प्रकारात आपलाही पासवर्ड त्या साठ्यात जाण्याची शक्यता असते.

मग फोन रूट करावा का? या कामासाठी मुळीच नाही. त्यासाठी आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा प्रोग्रॅम, उघडावा लागतो आणि तो उघडताना सुरक्षेच्या कारणास्तव फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. ज्या पासवर्डासाठी एवढा खटाटोप मांडला, तोही तिच्याबरोबर जातो.

एक आडवाट मात्र उपयोगी आहे. जुन्या फोनचा बॅकअप गूगल खात्यात चालू असेल आणि नवा अँड्रॉइड फोन त्यातून तयार केला असेल, तर वाय-फायची नेटवर्केही बहुधा पासवर्डांसह नव्या फोनवर येतात. जुना फोन जे दाखवत नव्हता ते नव्या फोनवर शेअर दाबून पाहता येते.

त्याच नेटवर्कला एखादा संगणक जोडलेला असेल तर काम आणखी सोपे होते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील नेटवर्क आणि इंटरनेट या विभागात वाय-फायचे गुणधर्म उघडले की सुरक्षा किल्ली, म्हणजेच पासवर्ड, पाहण्याचे बटण मिळते. विंडोज १० मध्ये कंट्रोल पॅनेलच्या नेटवर्क विभागातून चालू जोडणीचे नाव दाबावे, वायरलेस गुणधर्मांत जावे आणि ‘सिक्युरिटी’ या पानावर अक्षरे दाखवण्याची खूण करावी. मॅकवर व्हेंच्युरा या आवृत्तीपासून वाय-फायच्या सेटिंग्जमध्येच ओळखीच्या नेटवर्कच्या पासवर्डाची नक्कल करता येते. त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘कीचेन ॲक्सेस’ या प्रोग्रॅममध्ये नेटवर्कचे नाव शोधावे लागते.

राउटरकडून पासवर्ड मिळवणे

सर्वांत आधी राउटर उलटा करून पाहावा. त्याच्या तळाशी किंवा पाठीवर चिकटवलेल्या कागदावर नेटवर्कचे मूळ नाव आणि पासवर्ड छापलेला असतो, आणि तो कोणी बदललेला नसेल तर पुढचे काहीच करावे लागत नाही. त्या कागदावर बहुतेक वेळा दोन पासवर्ड असतात: एक वाय-फायचा आणि दुसरा राउटरच्या व्यवस्थापन पानावर शिरण्याचा. दुसरा पासवर्ड टीव्हीत टाकून ‘चालत नाही’ म्हणणे ही या साऱ्या प्रकरणातील बहुधा सर्वांत नित्याची चूक आहे.

व्यवस्थापन पान उघडण्यासाठी आधीच जोडलेला फोन पुरतो. नेटवर्कच्या तपशिलात अँड्रॉइडवर ‘गेटवे’ आणि आयफोनवर ‘राउटर’ या ओळीसमोर जो पत्ता असतो, तो ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी इंग्रजी अंकांत टंकावा. तो बहुतेकदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो, पण अंदाज करण्यापेक्षा तपशिलातला पत्ता घेणे बरे. पान उघडत नसेल तर मोबाइल डेटा काही वेळ बंद करून पाहावा. ब्राउझर हे पान सुरक्षित नसल्याचा इशारा देईल. आपल्याच राउटरच्या पानाबाबत तो अपेक्षित आहे. आत गेल्यावर वायरलेस किंवा वाय-फाय या विभागातील सुरक्षेच्या पानावर पासवर्ड असतो आणि डोळ्याच्या चिन्हाने तो उघड होतो. काही नव्या राउटरांना असे पानच नसते, सारा कारभार कंपनीच्या ॲपमधून चालतो.

व्यवस्थापन पानाचा पासवर्डही हरवला असेल तर रीसेट उरते. बारीक छिद्रातील बटण काही सेकंद दाबून ठेवल्यावर राउटर मूळ स्थितीत जातो आणि कागदावरचे पासवर्ड पुन्हा लागू होतात. मात्र इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने राउटरमध्ये स्वतःचे वापरकर्तानाव व पासवर्ड भरून ठेवले असतील, तर तेही पुसले जातात. तेव्हा वाय-फाय जोडले जाते, पण इंटरनेट चालत नाही. म्हणून ती माहिती कंपनीकडून आधी घेऊन ठेवावी आणि मगच बटणाला हात लावावा.

शेअरचा पर्यायच दिसत नाही

कार्यालयात किंवा विद्यापीठात प्रत्येकाला वेगळे वापरकर्तानाव व पासवर्ड देणारी नेटवर्के असतात. तेथे सर्वांना सामायिक असा पासवर्डच नसतो, म्हणून शेअर करण्याजोगे काही उरत नाही. जी नेटवर्के आधी जोडून घेतात आणि नंतर ब्राउझरमध्ये पान उघडून क्रमांक किंवा संमती मागतात, त्यांच्याबाबतही बहुधा साठवलेला पासवर्ड नसतो. याखेरीज संस्थेने दिलेल्या आणि संस्थेच्या नियंत्रणाखालील फोनवर ही सोय व्यवस्थापकाने बंद केलेली असू शकते. ती वळसा घालून मिळवण्याऐवजी व्यवस्थापकालाच विचारावे.

पासवर्ड मिळाला, तरी जोडणी होत नाही

येथे बारकाईने पाहावे लागते, कारण ‘पासवर्ड चुकीचा आहे’ हा संदेश प्रत्येक वेळी खरा नसतो. आधी अक्षरे तपासावीत. इंग्रजी मोठा ओ आणि शून्य, लहान एल, मोठा आय आणि एक हे अंक-अक्षर अनेक टंकांत सारखेच दिसतात, आणि मोठ्या-लहान लिपीचा फरक वाय-फाय काटेकोरपणे पाळते. नक्कल करून चिकटवताना शेवटी एखादी मोकळी जागा येते आणि ती दिसत नाही. मराठी कळफलक चालू राहिला असेल तर देवनागरी अंक उमटतात; ते दिसायला बरोबर असले तरी पासवर्ड म्हणून चालत नाहीत.

त्यानंतर फोनमधला पासवर्डच शिळा नाही ना, हे पाहावे. फोन केवळ शेवटी साठवलेला पासवर्ड दाखवतो; दरम्यान राउटरवर तो कोणी बदलला असेल तर फोनला त्याचा पत्ता नसतो. जो फोन आत्ता, या क्षणी, त्या नेटवर्कला जोडलेला आहे त्यावरूनच पासवर्ड घ्यावा. काही राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांसाठी दोन वेगळी नावे ठेवतात आणि त्यांचे पासवर्डही वेगळे असू शकतात, तेव्हा नावही शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवावे.

हे सारे बरोबर असूनही एखादे जुने उपकरणच नकार देत असेल, तर दोष पासवर्डाचा नसतो. राउटर केवळ डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर ठेवलेला असेल तर जुनी उपकरणे जोडली जात नाहीत. राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही चालतील असा पर्याय निवडल्यावर ती जोडली जातात. अनेक स्वस्त कॅमेरे आणि स्मार्ट दिवे केवळ २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच चालतात. आणि राउटरमध्ये ठराविक उपकरणांनाच प्रवेश देणारी हार्डवेअर पत्त्यांची (प्रत्येक उपकरणाच्या ओळखक्रमांकांची) यादी चालू असेल, तर नवे फोन अडकतात. कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा हार्डवेअर पत्ता न सांगता नेटवर्कागणिक वेगळा पत्ता सांगतात. अशा वेळी त्या नेटवर्कपुरती ही सोय बंद करावी किंवा यादीत फोनने सांगितलेला पत्ता भरावा.

पुन्हा पुन्हा शोधण्याची वेळ येऊ नये म्हणून

पासवर्ड सापडला की तो लगेच एखाद्या पासवर्ड व्यवस्थापक ॲपमध्ये, नेटवर्कच्या नावासह आणि राउटरच्या व्यवस्थापन पासवर्डासह नोंदवून ठेवावा. पाहुण्यांसाठी राउटरमधील अतिथी नेटवर्क चालू करून त्याचा क्यूआर कोड छापून ठेवला तर मुख्य पासवर्ड कोणाला सांगावाच लागत नाही, आणि अतिथी नेटवर्कचा पासवर्ड बदलला तरी घरातल्या उपकरणांना धक्का लागत नाही. छापलेला कोड मात्र तेव्हा नव्याने छापावा लागतो, कारण जुन्या कोडात जुनाच पासवर्ड असतो.

राउटर बदलतानाही सगळी उपकरणे नव्याने जोडण्याचा त्रास टाळता येतो. नव्या राउटरला जुन्याचेच नाव, तोच पासवर्ड आणि तीच सुरक्षा पद्धत दिली, तर फोन, टीव्ही आणि प्रिंटर त्याला जुनेच नेटवर्क समजून स्वतःहून जोडले जातात. जुना पासवर्ड फार लोकांपर्यंत पोहोचला असेल तर मात्र ही सोय सोडून नवा पासवर्ड ठेवावा, आणि जुना राउटर कोणाला देण्यापूर्वी तो रीसेट करून त्यातली माहिती पुसावी.